सातवा राउंड कोणाचा?

आमच्या अमळनेरच्या कट्ट्यावर 'बर्डबाई' हे विशेषण म्हणून वापरतात. कॅरममध्ये कोणी भलताच फाउल दिला, हॉटेलच्या बिलाची वाटणी करताना एकाच्याच अंगावर जास्त टाकली, की लगेच कोणीतरी म्हणतं, "जास्त बर्डबाई करू नको." नवख्याला वाटतं, गल्लीतल्या कोण्या खाष्ट बाईचं नाव असेल. तर तसं नाही. अ‍ॅडलेड बर्ड या अमेरिकेतल्या बॉक्सिंगच्या जज. बोरी नदीच्या काठी आपल्या नावाचा असा वाक्प्रचार झालाय, याची त्यांना गंधवार्ताही नसणार.

प्रकरण १६ सप्टेंबर २०१७ चं. लास वेगासचं टी-मोबाइल अरेना, मिडलवेट हा वजनगट, एका बाजूला कझाकस्तानचा गेन्नादी गोलोवकिन, दुसऱ्या बाजूला मेक्सिकोचा सॉल 'कानेलो' आल्वारेझ. तिकडची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. जिभाऊंच्या घरी आम्ही जमलो होतो. बारा राउंड संपले, दोघंही उभेच होते आणि दोघांनीही हात वर केले. मग निवेदकाने तिन्ही जजांचे आकडे वाचले. डेव्ह मोरेट्टी, ११५-११३ गोलोवकिन. डॉन ट्रेला, ११४-११४. आणि अ‍ॅडलेड बर्ड, ११८-११० कानेलो. म्हणजे लढत बरोबरीत.

११८-११० चा अर्थ असा की बारापैकी दहा राउंड कानेलोचे. जिभाऊ गोलोवकिनवाले. त्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि मग खुर्चीवरून उठून सरळ अंगणात गेले. आत आल्यावर जे बोलले त्यातलं छापण्याजोगं एवढंच: "तिले दिसनं नही का? डोया कोठे व्हतात तिना?"

त्या सकाळपासून जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. मला त्या लढतीइतकंच हे भांडण आवडतं. माणूस काय बघतो हे त्याला विचारून कळत नाही. चुरशीच्या लढतीत तो गुण कोणाला देतो त्यावरून कळतं. जिभाऊ ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतात, सकाळी सात ते रात्री नऊ. जो पुढे येतो, दाबत राहतो, राबत राहतो, तो त्यांच्या लेखी जिंकतो. आबा गणिताचे मास्तर होते. त्यांना कानेलो आवडतो, कारण तो दोरांना पाठ लावून उभा राहतो, डोकं एवढंसं हलवतो, समोरच्याचे तीन ठोसे हवेत जाऊ देतो आणि चौथ्याच्या आधी आपला एक नेमका बसवतो. "कमीत कमी पायऱ्यांत उत्तर," आबा म्हणतात. त्यांनी आयुष्यभर उत्तरपत्रिकांत तेच शोधलं.

माझा भाचा आकडेवाला. त्याने दुपारपर्यंत मोजदाद शोधून काढली होती: गोलोवकिनने ७०३ ठोसे मारले, २१८ लागले; कानेलोने ५०५ मारले, १६९ लागले. "झालं की मग," तो म्हणाला. आबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "ठोसे मोजूनच निकाल लावायचा असता तर तिघांना रिंगशेजारी कशाला बसवलं असतं? एक कॅल्क्युलेटर पुरे होता." आबांचं म्हणणं तोंड बंद करायला ठीक आहे, पण अर्धंच खरं आहे. जजने चार गोष्टी बघायच्या असतात: स्वच्छ आणि जोरकस लागलेले ठोसे, परिणाम साधणारं आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. यात पहिल्या गोष्टीला मान जास्त, हे सगळे मानतात. पण एक जोरकस ठोसा म्हणजे किती हलके ठोसे, याचं कोष्टक कुठेच नाही. ते प्रत्येकाच्या डोक्यात असतं, आणि प्रत्येकाचं वेगळं असतं.

आता सातव्या राउंडकडे येतो, कारण माझ्या मते त्या सकाळची खरी गोष्ट तिथे आहे, आणि ती कोणालाच ऐकायची नसते. बर्डबाईंनी गोलोवकिनला दोनच राउंड दिले, चौथा आणि सातवा. मोरेट्टींनीही सातवा त्यालाच दिला. ट्रेलांनी मात्र तो कानेलोला दिला. ट्रेलांचं कार्ड, म्हणजे त्यांची गुणपत्रिका, ११४-११४, म्हणजे सहा-सहा राउंड. तो एक सातवा राउंड त्यांनी गोलोवकिनच्या खात्यात टाकला असता तर झाले असते ११५-११३. मोरेट्टींचे ११५-११३ होतेच. मग बर्डबाईंचे ११८-११० कुठल्या कुठे वाहून गेले असते आणि गोलोवकिन दोन विरुद्ध एकने जिंकला असता. जगभर शिव्या खाल्ल्या त्या बर्डबाईंनी. ज्या कार्डावर लढत अडली ते सभ्य दिसणारं होतं, मधोमध होतं, म्हणून त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. हे मी जिभाऊंना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तरी बी तिनीच चूक."

एका अर्थी त्यांचंही बरोबर आहे. ते कार्ड वाईटच होतं. पण वाईट कार्ड आणि निकाल फिरवणारं कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचं मूळ गुण देण्याच्या पद्धतीत आहे. प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ. कोणी खाली पडला तर सहसा आठ. दहा-दहा देता येतात, पण देऊ नका, कोणीतरी जिंकलेला शोधाच, अशीच जजांना शिकवण असते. त्यामुळे एखादा राउंड केसभराने जिंकला काय आणि समोरच्याला तीन मिनिटं धू धू धुतलं काय, पाडलं नसेल तर हिशेबात दोन्ही सारखेच. ग्रामपंचायतीत एका मताने निवडून आलेला आणि चारशे मतांनी आलेला, उपसरपंच निवडताना दोघांचा हात एकेकच मोजतात ना, तसं. एकाने चार राउंड ठणठणीत जिंकावेत, दुसऱ्याने आठ राउंड चिमूटभराने जिंकावेत. कार्डावर दुसरा ११६-११२ ने पुढे. बघणाऱ्याच्या मनात मात्र ते चार राउंडच राहतात. तो घरी जाऊन सांगतो, चोरी झाली.

कट्ट्यावरच्या भांडणांतली निम्मी याच जातीची असतात. डोळे सारखंच बघतात, बेरीज वेगळी होते. जिभाऊ आणि आबांची कार्डं मी एकदा शेजारी शेजारी ठेवली. नऊ राउंडवर दोघांचं एकमत होतं! उरलेल्या तिनांवर ते एकमेकांना आंधळे म्हणत होते.

नाना या सगळ्याच्या बाहेर होते. नाना म्हणजे जुने पहिलवान, कान चुरगळलेले, बसल्या जागी अजून खांब वाटतात. तरुणपणी पारोळा, चोपडा, शिरपूरकडच्या यात्रांतल्या कुस्त्या त्यांनी मारलेल्या. त्यांना बॉक्सिंगचा निकाल हा प्रकारच पटायचा नाही. "आरे भो, जो पडना नही तो हारना कसा? तीन जन कागदवर लिखतस अन् हाऊ जिकस!" यात्रेतल्या मातीतल्या कुस्तीला गुण नसतात. पाठ लागली, चितपट, इनाम घेऊन जा. दोघं तासभर झोंबले आणि कोणीच पडला नाही तर पंच दोघांचे हात धरून वर करतात, कुस्ती बरोबरीत सुटते, इनाम अर्धं अर्धं. लोक थोडी कुरकुर करतात, पण चोरी झाली असं कोणी म्हणत नाही.

नानांच्या जगात निकाल पाठीला विचारायचा, माणसाला नाही. मला हे फार मोहक वाटतं, आणि तितकंच अपुरं. कारण पाठ टेकली की नाही हे तरी कोण सांगतं? माणूसच. महाराष्ट्र केसरीला काय झालं ते आपण पाहिलंच. २०२३ साली पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत बाहेरची टांग या डावावर चार गुण दिले, आणि ते दोन हवे होते की चार, यावर महिनाभर गावोगाव रणं पेटली. २०२५ ला अहिल्यानगरात पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल दिला. शिवराजचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. त्याने पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. नाना त्या दिवशी गप्प होते. आबांनी टोमणा मारायची आयती संधी सोडली, हे मी त्यांच्या पुण्यात जमा धरतो.

हॅगलर आणि लेनर्डवरून आमचं सर्वात लांबलेलं भांडण एका भरीत पार्टीला झालं. डिसेंबर होता, शेत जिभाऊंच्या मेव्हण्याचं. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात ती हिरवी लांबट वांगी काळी पडत होती, आणि धुराने डोळे चुरचुरत असताना भाच्याने मोबाइलवर १९८७ ची लढत लावली. मार्विन हॅगलर हा मिडलवेटचा अनेक वर्षांचा विजेता, मूळचा डावखुरा. शुगर रे लेनर्ड पाच वर्षांत एकच लढत खेळून परत आलेला. ६ एप्रिल १९८७, लास वेगासचा सीझर्स पॅलेस. लेनर्डच्या बाजूने आधीच अटी घालून घेतल्या होत्या: पंधरा नाही, बाराच राउंड, रिंग मोठी, हातमोजे जाड. हॅगलरने त्या मान्य केल्या, वर पहिले राउंड उजव्या माणसासारखा उभा राहून खेळला आणि फुकट घालवले. हे त्याने का केलं, यावर लोक अजून डोकं खाजवतात.

लेनर्डची युक्ती साधी होती. राउंडभर सरकत राहायचं, आणि शेवटची तीस सेकंदं उरली की कोपऱ्यातून हाक यायची. मग दोन्ही हातांनी भराभर ठोशांची सर. त्यातले निम्मे हॅगलरच्या दंडांवर, हातमोज्यांवर. पण प्रेक्षक उसळून उठायचे, घंटा व्हायची, आणि जज पेन उचलायचे ते त्या आरोळीतच. नाना वांगी ठेचत होते. एक राउंड त्यांनी पूर्ण पाहिला आणि म्हणाले, हा पोरगा कुस्ती शेवटच्या घटकेला खेळतो. नेमकं तेच.

निकाल असा: लू फिलिपो, ११५-११३ हॅगलर. डेव्ह मोरेट्टी, ११५-११३ लेनर्ड. आणि जोजो ग्वेरा, ११८-११० लेनर्ड. पुन्हा तोच ११८-११० आकडा, तीस वर्षं आधी. यातली मेख पुढे आहे. ग्वेरांच्या जागी आधी हॅरी गिब्ज हे इंग्लंडचे जज बसणार होते. हॅगलरच्याच माणसांनी हरकत घेतली, इंग्लिश जज नको म्हणाले. गिब्ज घरी गेले, लढत टीव्हीवर पाहिली आणि नंतर सांगितलं की त्यांच्या हिशेबाने हॅगलर जिंकला होता. आपल्याच हाताने आपला पंच घालवायचा, याला काय म्हणावं! हॅगलर त्यानंतर एकही लढत खेळला नाही. २०२१ मध्ये वारला, तोवर तो 'मी जिंकलो होतो' हेच सांगत होता.

माझं मत विचाराल तर लेनर्ड एका राउंडने. हे मी त्या शेतात बोललो आणि जिभाऊंनी माझ्या पानावरची कळण्याची भाकरी उचलून शेजारच्या पानावर ठेवली. माझा मुद्दा असा की हॅगलरने पहिले चार राउंड सोडून दिले. ज्याने वर्षानुवर्षं पट्टा राखला त्याला समोरच्याने ओरबाडून घ्यायला हवं, बरोबरीच्या राउंडमध्ये मान विजेत्याचा, असं पुष्कळजण मानतात, जिभाऊही मानतात. पण नियमात असं कुठेही लिहिलेलं नाही. प्रत्येक राउंड शून्यापासून सुरू होतो. जज प्रत्येक राउंडची चिठ्ठी लिहितो आणि ती लगेच त्याच्याकडून काढून घेतात. मागचा राउंड चुकला वाटलं म्हणून पुढच्यात भरपाई करायची सोय नसते, निदान नसावी. प्रेक्षक मात्र गोष्ट बघतो. गोष्टीत विजेत्याचा मान असतो, म्हाताऱ्या वाघाची कणव असते, कोण दमला आणि कोण हसला हे असतं. चिठ्ठीवर यातलं काही येत नाही.

आणि चिठ्ठी लिहिणारा बसतो कुठे, तेही बघा. तिघं रिंगच्या तीन बाजूंना, डोळे जवळजवळ खेळाडूंच्या पायांच्या उंचीवर. मध्ये दोर. कधी रेफ्रीची पाठ, कधी एका बॉक्सरची. आपल्याला टीव्हीवर वरून, समोरून, सावकाश करून दाखवतात आणि वर समालोचक कानात सांगत असतो. मी म्हणून आवाज बंद करून बघतो. घंटा झाली की लगेच वहीत आकडा लिहायचा आणि मगच पाणी प्यायचं. आवाज बंद केल्यावर लेनर्डचे तीन राउंड तरी पातळ होतात. समालोचकाच्या लाडक्याचा प्रत्येक ठोसा ऐकायला फार जोरात लागतो.

हौशी बॉक्सिंगमध्ये हे भोग वेगळ्या वाटेने आले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सने कोरियाच्या पार्क सी-हूनला ८६ ठोसे मारले, खाल्ले ३२, आणि पाचांपैकी तिघांनी पार्कला विजयी केलं. गंमत म्हणजे स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून करंडक जोन्सलाच दिला. तिथे मत वगैरे काही नव्हतं, तो सरळ दरोडा होता, आणि दरोड्याला दरोडाच म्हणावं. त्यावर उपाय म्हणून पुढच्या ऑलिंपिकपासून बटणं आली: पाचपैकी तीन जजांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. मग पोटातले ठोसे मोजलेच जाईनात, कारण ते तिघांना एकदम दिसत नाहीत. पोरं लांबून टपल्या मारून गुण गोळा करायला शिकली. शेवटी तेही सोडलं आणि पुन्हा दहा-नऊवर आले.

आपल्याकडे ही जखम टोकियोची आहे. २९ जुलै २०२१, मेरी कोम विरुद्ध कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया. पहिला राउंड ४-१ ने व्हॅलेन्सियाचा. दुसरा आणि तिसरा प्रत्येकी ३-२ ने मेरीचे. तीनपैकी दोन राउंड जिंकले, म्हणजे मेरी जिंकली, असं आख्ख्या देशाला वाटलं. तिलाही वाटलं, आपण हरलो हे रिंगबाहेर आल्यावर उशिरा कळलं, असं ती म्हणाली. आबांनी तेव्हा फळ्याशिवाय फळा मांडला. राउंड मोजू नका, जज मोजा. पाच जज, तीन राउंड, पंधरा मतं. मेरीला एक अधिक तीन अधिक तीन, सात. व्हॅलेन्सियाला चार अधिक दोन अधिक दोन, आठ. प्रत्येक जज आपापली बेरीज करतो, आणि पाचांत तिघांची बेरीज व्हॅलेन्सियाकडे गेली. भाच्याच्या आईला हे अजिबात पटलं नाही. "दोन डाव जिकले ना तिनी? मग?" तिच्या या 'मग'ला आबांकडेही उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पद्धतीकडेही नाही.

मोरेट्टी हे नाव एव्हाना दोनदा येऊन गेलं. १९८७ ला लेनर्डला देणारे तेच, २०१७ ला गोलोवकिनला देणारेही तेच. २०१७ च्या सकाळी जिभाऊ म्हणाले होते, तिघांत हाच एक डोळस. पुढच्या वर्षी दुसऱ्या लढतीत याच मोरेट्टींनी कानेलोला ११५-११३ दिले, तेव्हा जिभाऊंनी त्यांना विकलेला ठरवलं. २०२३ च्या मे महिन्यात लोमाचेंको आणि डेव्हिन हेनी हे बॉक्सर लढले. सकाळी नऊलाच ऊन खिडकीतून आत आलेलं, कूलर एवढा घोंघावत होता की आवाज बंद करायचं कामच पडलं नाही. दहाव्या राउंडमध्ये लोमाचेंकोने हेनीला अक्षरशः नाचवलं. मोरेट्टींनी तो राउंड हेनीला दिला. जगभर बोंब झाली, आणि या वेळी ती रास्त होती. त्या राउंडचा दुसरा काही अर्थ मला तरी लागत नाही. पण त्यांचं कार्ड ११६-११२ होतं. दहावा फिरवला तरी ११५-११३, हेनीच पुढे. बाकी दोघांचेही ११५-११३ हेनीलाच. २०१७ ला ज्या राउंडने लढत फिरली असती त्यावर कोणी ओरडलं नाही, आणि २०२३ ला ज्याने काहीच फिरलं नसतं त्यावर सगळे तुटून पडले.

त्या सकाळी नानांनी माझ्याकडून वही मागून घेतली होती. 'जो पडला नाही तो हरला नाही' म्हणणारे नाना बारा राउंड पेन धरून बसले. दर राउंडला आकडा लिहायचे आणि वही उलटी ठेवायचे, कोणी डोकावू नये म्हणून. शेवटी वही सुलटी केली. दहावा लोमाचेंकोला, लढत हेनीला, ११५-११३. आबांनी समाधानाने मान हलवली. जिभाऊंनी वही हातात घेतली, बोट एकेका ओळीवरून खाली आणत गेले आणि एका ओळीवर थांबले.

"मंग अकरावा कोनले दिधा, नाना? अन् काबर?"